एक टक्का मतांचा पक्ष आणि त्याच्या नेत्याला मिळालेलं राष्ट्रपतिपद

प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. ग्रीसमध्ये १९८५ साली 'दिआना' नावाचा एक छोटा उजवा पक्ष निघाला आणि १९९४ साली गुंडाळला गेला, तो नेमका कशासाठी निघाला होता? आणि ज्या पक्षाला संसदेच्या निवडणुकीत जेमतेम एक टक्का मतं पडली, त्याचा नेता पुढे सलग दहा वर्षं देशाचा राष्ट्रपती कसा काय झाला? जोडीला एक उपप्रश्नही आहे: असे पक्ष तिथे पुन्हा निघाले का?

दक्षिण युरोपातलं पक्षीय राजकारण मी बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि हा पक्ष वर्गात मुद्दाम घेतो. निकालाच्या तक्त्यात तो 'इतर' या रकान्यात जाऊन बसतो, त्यामुळे विद्यार्थी तो सोडून पुढे जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो. दिआना विचारांवरून फुटलेला पक्ष नव्हता. एका ज्येष्ठ नेत्याला दुसऱ्याच्या हाताखाली राहायचं नव्हतं, हे त्याचं मूळ. त्यामुळे त्याला स्वतःचा असा मतदार कधी लाभलाच नाही. पण ग्रीक संसदेत जागा तीनशे आणि बहुमताचा आकडा १५१. गाडी त्या काठावर येऊन अडली की एकट्या खासदारालाही सोन्याचं मोल येतं. राष्ट्रपतिपदाचं म्हणाल तर ते मिळालं तेव्हा पक्ष उरलाच नव्हता, आणि तो उरला नव्हता हीच त्या नेत्याची जमेची बाजू ठरली.

आता सविस्तर. नेत्याचं नाव कोस्तीस स्तेफानोपुलोस. जन्म १९२६ चा, पात्रास शहरातला, पेशाने वकील. १९६४ साली ते आखाइया जिल्ह्यातून पहिल्यांदा संसदेवर गेले, ईआरई या पक्षाकडून. कॉन्स्टंटिनोस करामानलिस यांनी १९५६ साली काढलेला हा पक्ष म्हणजे त्या काळच्या ग्रीक उजव्यांचं मुख्य घर. १९६७ च्या एप्रिलात लष्कराने सत्ता बळकावली, संसद गेली, पक्ष गेले. सात वर्षांनी, जुलै १९७४ मध्ये, सायप्रस बेटावर उठाव घडवून तुर्कस्तानचा हल्ला ओढवून घेतला, त्यात तोंडघशी पडून लष्करशाही कोसळली. करामानलिस पॅरिसहून परतले आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू डेमॉक्रसी हा नवा पक्ष स्थापन केला. स्तेफानोपुलोस पहिल्यापासून त्यात होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाला ५४ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि स्तेफानोपुलोस अंतर्गत कारभार मंत्री झाले. राजा परत आणायचा की नाही यावर ८ डिसेंबर १९७४ ला सार्वमत झालं, तेव्हा हे खातं त्यांच्याकडे होतं. लोकांनी राजेशाही जवळपास ६९ टक्क्यांनी नाकारली. पुढे समाजकल्याण खातं, आणि १९७७ ते १९८१ पंतप्रधानांच्या कार्यालयाचे मंत्री. सभा गाजवणारा हा माणूस नव्हे. मोजकं बोलणारा, कायद्याच्या भाषेत विचार करणारा, भांडतानाही आवाज न चढवणारा.

१९८१ साली आन्द्रेआस पापांद्रेऊ यांचा समाजवादी पासोक पक्ष ४८ टक्के मतं आणि १७२ जागा घेऊन सत्तेवर आला आणि न्यू डेमॉक्रसीला पहिल्यांदाच विरोधी बाकांवर बसावं लागलं. हरलेल्या पक्षात जे होतं ते इथेही झालं. नेते रालिस यांच्यावर त्यांच्याच खासदारांनी अविश्वास दाखवला. नव्या नेत्याच्या निवडीत एवांगेलोस आवेरॉफ जिंकले. हरलेल्यांत बूतोस होते आणि आपले स्तेफानोपुलोसही. त्यानंतर स्तेफानोपुलोस पक्षाच्या वतीने संसदेत किल्ला लढवत राहिले. १९८४ च्या युरोपीय निवडणुकीत पुन्हा पराभव झाला, आवेरॉफ पायउतार झाले, आणि १ सप्टेंबर १९८४ ला खासदारांच्या गटात पुन्हा मतदान झालं. कॉन्स्टंटिनोस मित्सोताकिस ७०, स्तेफानोपुलोस ४१.

या दोन आकड्यांत पुढच्या दहा वर्षांचं बीज आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मित्सोताकिस हे उजव्यांच्या घरातले नव्हतेच. ते क्रीटचे, जुने पंतप्रधान व्हेनिझेलोस यांच्या उदारमतवादी परंपरेतले. १९६५ साली ते मध्यममार्गी सेंटर युनियनमधून फुटलेल्यांत आघाडीवर होते. त्या फुटीने जॉर्जिओस पापांद्रेऊ, म्हणजे आन्द्रेआसचे वडील, यांचं सरकार गेल्यावर जी अस्थिरता माजली, तिचा शेवट दोन वर्षांत लष्करशाहीत झाला. 'आपोस्तासिया', म्हणजे पक्षत्याग, हा शब्द तेव्हापासून मित्सोताकिसना कायमचा चिकटला. १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या छोट्या पक्षातर्फे लढवली. मतं १.०८ टक्के, जागा दोन. दुसऱ्या वर्षी ते करामानलिसच्या पक्षात आले, लगेच मंत्री झाले, आणि सहा वर्षांत पक्षाचे प्रमुख. ज्यांनी हयात या पक्षात घालवली त्यांच्या मनात काय आलं असेल ते समजायला ग्रीक यावं लागत नाही. दुसरीकडे, बहुसंख्य खासदारांचा हिशेबही चुकीचा नव्हता: पापांद्रेऊंच्या वक्तृत्वासमोर सभ्य वकील नको, आखाड्यात उतरणारा गडी हवा. मित्सोताकिस आणि आन्द्रेआस यांचं वैर वीस वर्षांचं जुनं होतं.

१९८५ चा मार्च या हिशेबाच्या कसोटीचा. करामानलिस १९८० पासून राष्ट्रपती होते. पापांद्रेऊ त्यांनाच दुसऱ्यांदा पाठिंबा देतील असा सगळ्यांचा समज होता. ऐन वेळी त्यांनी पवित्रा बदलला आणि न्यायमूर्ती क्रिस्तोस सार्त्झेताकिस यांचं नाव पुढे केलं. घटनेप्रमाणे संसदेने राष्ट्रपती निवडायचा. पहिल्या दोन फेऱ्यांत २०० मतं लागतात, तिसऱ्या फेरीत १८०. तेही जमलं नाही तर संसद बरखास्त आणि निवडणूक. मतदान गुप्त होतं, पण मतपत्रिका रंगीत होत्या आणि पाकिटातून रंग ओळखू येतो अशी विरोधकांची तक्रार होती. तिसऱ्या फेरीत सार्त्झेताकिस यांना बरोबर १८० मतं पडली. त्यातलं एक मत सभापती आलेव्रास यांचं. करामानलिस यांनी राजीनामा दिल्यामुळे त्याच वेळी ते हंगामी राष्ट्रपतीही होते, त्यामुळे त्यांना मत देता येतं का यावर रण माजलं. मित्सोताकिस ही निवडच बेकायदा म्हणत राहिले आणि त्याच तावात २ जून १९८५ च्या निवडणुकीत उतरले. पासोक ४५.८२ टक्के आणि १६१ जागा, न्यू डेमॉक्रसी ४०.८५ टक्के आणि १२६ जागा.

पराभवानंतर पक्षात पुन्हा कुजबुज सुरू झाली. मित्सोताकिस यांनी ती दाबण्याचा सरळ मार्ग घेतला: राजीनामा द्यायचा आणि त्याच खासदारांकडून पुन्हा निवडून यायचं. तसे ते आले. स्तेफानोपुलोस यांना कळून चुकलं की या घरात आता आपली पाळी येणार नाही. ६ सप्टेंबर १९८५ ला त्यांनी पक्ष सोडला. त्यांच्यासह एकूण दहा खासदार बाहेर पडले आणि 'दिमोक्रातिकी आनानेओसी', म्हणजे लोकशाही नवीकरण, या नावाचा पक्ष जाहीर झाला. त्याचं लघुरूप दिआना.

भारतीय वाचकाला इथे एक शंका येईलच: मग त्यांची खासदारकी गेली नाही का? नाही गेली. ग्रीक राज्यघटनेच्या कलम ६० प्रमाणे खासदार आपल्या विवेकबुद्धीप्रमाणे मत द्यायला मोकळा असतो, आणि पक्ष सोडला म्हणून जागा जात नाही. योगायोग असा की आपल्याकडचा पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे ५२ वी घटनादुरुस्ती, त्याच वर्षीची, १९८५ ची. त्यात तेव्हा एकतृतीयांश सदस्य फुटले तर संरक्षण होतं (ती सवलत २००३ मध्ये काढली). त्या मापाने न्यू डेमॉक्रसीच्या १२६ पैकी ४२ खासदार लागले असते. दहा जणांना घरी बसावं लागलं असतं, आणि ही कहाणी तिथेच संपली असती. ग्रीसमध्ये फूट पाडायला एवढी मोठी फौज लागत नाही. तिथली छोट्या पक्षांची वर्दळ समजून घ्यायची तर हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

आता पक्षाची भूमिका काय? इथे मी विद्यार्थ्यांना नेहमी निराश करतो. मित्सोताकिस खुल्या बाजाराकडे, खासगीकरणाकडे झुकलेले. स्तेफानोपुलोस करामानलिसच्या जुन्या वळणाचे, म्हणजे उजवे खरे, पण सरकारचा हात अर्थव्यवस्थेत असायला हरकत नाही असं मानणारे. राजकारणाचा सूर सभ्य असावा, संस्थांचा मान राखावा, एवढी पुरवणी. हा फरक अग्रलेखात मावतो, मतपेटीत नाही. पात्रासमधल्या पेढीवाल्याला किंवा लारिसाच्या कापूस शेतकऱ्याला पासोक नको असेल तर तो पासोकला हरवू शकणाऱ्यालाच मत देणार. तिथल्या राजकारणात तेव्हा दोन छावण्या होत्या, न्यू डेमॉक्रसीची निळी आणि पासोकची हिरवी. गावागावात कॉफीची दुकानंसुद्धा निळी आणि हिरवी अशी वाटलेली होती. मधल्या माणसाला बसायला खुर्ची नव्हती.

शिवाय वेळही उलटी पडली. पक्ष निघाल्यावर महिन्याभरातच, ऑक्टोबर १९८५ मध्ये, पापांद्रेऊ सरकारने द्राख्मा या ग्रीक चलनाचं १५ टक्के अवमूल्यन केलं आणि पगारवाढ रोखली. संप झाले, सरकारवर राग वाढला. हा राग गोळा करायला दिआनाला संधी होती असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात तो सगळा मोठ्या विरोधी पक्षाकडे गेला. ऑक्टोबर १९८६ च्या नगरपालिका निवडणुकांत न्यू डेमॉक्रसीने अथेन्स, पिरेअस आणि थेसालोनिकी ही तीनही मोठी शहरं जिंकली. अथेन्सचे महापौर झाले मिल्तिआदिस एवर्ट. हे नाव पुढे पुन्हा येईल. माझ्या मते दिआनाचा खरा पराभव त्या दिवशीच झाला. मित्सोताकिस निवडणूक जिंकू शकत नाहीत, हा त्या पक्षाच्या अस्तित्वाचा एकमेव भक्कम युक्तिवाद होता, आणि तो त्या रात्री निकालात निघाला. त्यानंतर बाहेर राहिलेल्यांना परतीच्या वाटा दिसू लागणं साहजिकच.

मग १९८९ उजाडलं आणि या मरगळलेल्या पक्षाला अचानक महत्त्व आलं. ते का, हे कळायला निवडणूक पद्धतीत थोडं शिरावं लागेल. ग्रीसमध्ये जागा यादीपद्धतीने वाटतात, पण मोठ्या पक्षाला मतांपेक्षा जास्त जागा मिळतील अशी सोय कायद्यात असते. कोणाला किती, हे सत्तेवरचा पक्ष दर वेळी आपल्या सोयीने ठरवत आला. १९८९ मध्ये पासोकचं पानिपत होणार हे दिसत होतं. क्रीट बँकेचा मालक कोस्कोतास याच्या अफरातफरीत मंत्र्यांची, खुद्द पंतप्रधानांचीही नावं आली होती. तेव्हा सरकारने निवडणुकीआधी कायदा बदलून तो बराचसा प्रमाणशीर केला. हेतू उघड होता: आपण हरलो तरी मित्सोताकिसना निर्भेळ बहुमत मिळू नये.

तो साधला. १८ जून १९८९ ला न्यू डेमॉक्रसीला ४४.२८ टक्के मतं आणि १४५ जागा. पासोक १२५. कम्युनिस्ट आणि डाव्यांची आघाडी सिनास्पिस्मोस २८. दिआनाला १.०१ टक्के आणि एक जागा. जुन्या कायद्यात एवढ्या मतांवर त्यांना वाऱ्यावरच सोडलं असतं. त्याच दिवशी युरोपीय संसदेचीही निवडणूक होती. तिथे दिआनाला १.३६ टक्के मतं पडली आणि चोवीस जागांपैकी एक मिळाली. तिच्यावर दिमित्रिओस नियानिआस गेले, माजी सांस्कृतिक मंत्री, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. न्यू डेमॉक्रसी युरोपात ख्रिश्चन डेमोक्रॅट मंडळींच्या गटात बसायची. नियानिआस बसले फ्रान्सच्या गॉलवाद्यांच्या आणि आयर्लंडच्या फियाना फॉलच्या गटात. पक्षाचं आंतरराष्ट्रीय राजकारण ते एवढंच.

त्रिशंकू संसदेतून उजवे आणि कम्युनिस्ट यांचं सरकार निघालं, हेच दोघे ज्यात एकमेकांशी लढले त्या यादवी युद्धाला चाळीस वर्षं झाल्यावर. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, न्यू डेमॉक्रसी १४८ वर अडकली. सर्वपक्षीय सरकार आलं आणि गेलं. ८ एप्रिल १९९० ला, दहा महिन्यांतली तिसरी निवडणूक. न्यू डेमॉक्रसी ४६.८९ टक्के, जागा बरोबर १५०. एक कमी.

आणि दिआना? मतं आणखी घटून ०.६७ टक्के. जागा एक. निवडून आले ते थिओदोरोस कात्सिकिस, स्तेफानोपुलोस नव्हेत.

हे एक मत कोणाला पडलं असेल ते ओळखणं अवघड नाही. कात्सिकिस यांनी मित्सोताकिसना पाठिंबा दिला, आकडा १५१ झाला, सरकार बनलं. मित्सोताकिस यांच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून ज्या पक्षाने घर सोडलं, त्याच पक्षाच्या शेवटच्या खासदाराने त्यांना पंतप्रधानपदाच्या खुर्चीत बसवलं. पुढे कात्सिकिस न्यू डेमॉक्रसीतच गेले. यात काही लोक विश्वासघात पाहतात. मला तसं वाटत नाही. दिआनाचा मतदार हा मुळात न्यू डेमॉक्रसीचाच रुसलेला मतदार होता. पासोकला पुन्हा वाव मिळेल असं वागायला त्याने कोणालाच निवडून दिलं नव्हतं. कात्सिकिस आपल्या मतदारांशी इमान राखून वागले असंच मी म्हणेन.

कायदा किती मोठी गोष्ट आहे हे दाखवायला मी फळ्यावर दोन ओळी लिहितो. एप्रिल १९९०, न्यू डेमॉक्रसी, ४६.८९ टक्के, १५० जागा. ऑक्टोबर १९९३, पासोक, ४६.८८ टक्के, १७० जागा. मतं जवळपास तेवढीच, जागांत वीसचा फरक. मधल्या काळात मित्सोताकिस सरकारने कायदा बदलला होता. पहिल्या पक्षाला पुन्हा भरघोस जागा मिळू लागल्या, आणि देशभरात ३ टक्के मतं नसतील तर एकही जागा नाही अशी अट आली. हा कायदा त्यांनी स्वतःसाठी केला आणि त्याचं लोणी पापांद्रेऊंनी खाल्लं. दिआनासारख्या पक्षाला मात्र ही ३ टक्क्यांची अट म्हणजे फाशीचा दोरच होता. ०.६७ वरून तीनवर जायचं कसं?

तरीही एक शेवटचा प्रयत्न झाला, आणि तो बरा झाला. १२ जून १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत दिआनाला २.७९ टक्के मतं मिळाली, म्हणजे तोवरची सगळ्यात जास्त. युरोपीय निवडणुकीत ग्रीक मतदार नेहमीच थोडा सैल हात सोडतो, सरकार पडण्याची धास्ती नसते. पण २.७९ म्हणजे तीन नव्हे. पाच वर्षांपूर्वी याच्या निम्म्या मतांवर एक जागा मिळाली होती, आता एकही नाही. स्तेफानोपुलोस यांनी त्या निकालानंतर पक्ष बरखास्त केला आणि सक्रिय राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. वय सदुसष्ट. कोणालाही वाटलं असतं, संपलं.

आता दुसरा फुटीर रंगमंचावर येतो. आन्तोनिस सामारास, मित्सोताकिस यांचे तरुण परराष्ट्रमंत्री. युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या शेजारी देशाने 'मॅसेडोनिया' हे नाव घेऊ नये या मुद्द्यावर त्यांनी एवढी ताठर भूमिका घेतली की एप्रिल १९९२ मध्ये पंतप्रधानांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. ३० जून १९९३ ला त्यांनी 'पोलितिकी आनिक्सी' म्हणजे राजकीय वसंत नावाचा पक्ष काढला. काठावरच्या बहुमतातून खासदार गळू लागले आणि सप्टेंबरमध्ये सरकार पडलं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत सामारासना ४.८८ टक्के मतं आणि दहा जागा मिळाल्या. दिआनापेक्षा हा पक्ष वेगळा होता, कारण त्याच्याजवळ एक जळता मुद्दा होता. नुसतं 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणून पाच टक्के मिळत नाहीत.

मार्च १९९५. १९९० मध्ये पुन्हा राष्ट्रपती झालेल्या करामानलिस यांची दुसरी मुदत संपत होती. पंतप्रधान पुन्हा आन्द्रेआस पापांद्रेऊ, वय ७६, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खचलेले. पासोकच्या १७० जागा. तिसऱ्या फेरीत १८० मतं जमली नाहीत तर संसद बरखास्त आणि मुदतपूर्व निवडणूक, जी त्या प्रकृतीत त्यांना नको होती. न्यू डेमॉक्रसीचे नेते आता एवर्ट होते आणि त्यांनी आपला उमेदवार दिला, आथानासिओस त्साल्दारिस. म्हणजे दहा मतांची गरज, आणि दहा मतं होती नेमकी सामारास यांच्याकडे. सामारास यांनी नाव सुचवलं: कोस्तीस स्तेफानोपुलोस.

सगळ्या बाजूंनी पाहा. पासोकला हा माणूस उजवा असला तरी चालण्यासारखा, कारण तो न्यू डेमॉक्रसीचा नव्हता आणि कधी त्यांच्या अंगावर धावून आला नव्हता. सामारास यांना आपला पाठिंबा देशाच्या कामी आला हे दाखवायचं होतं, शिवाय मित्सोताकिस यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला मोठं करण्यातली मौज वेगळीच. न्यू डेमॉक्रसीची पंचाईत झाली: आपल्याच जुन्या मंत्र्याविरुद्ध किती जोराने बोलणार? आणि खुद्द स्तेफानोपुलोस यांच्या मागे पक्ष नाही, गट नाही, वसुलीला बसलेले कार्यकर्ते नाहीत. दिआना जिवंत असता, त्याचे चार-पाच खासदार सौदा करायला बसले असते, तर पापांद्रेऊ इतक्या सहज तयार झाले असते असं मला वाटत नाही.

८ मार्च १९९५ ला तिसऱ्या फेरीत त्यांना १८१ मतं पडली. गरजेपेक्षा एक जास्त. १९८६ च्या घटनादुरुस्तीनंतर मतदान गुप्त राहिलं नव्हतं, प्रत्येक खासदार नाव पुकारल्यावर उघड मत सांगत होता, त्यामुळे या वेळी रंगीत मतपत्रिकांची भानगड नव्हती. त्याच दुरुस्तीने राष्ट्रपतीचे बहुतेक अधिकारही काढून घेतले होते. संसद बरखास्त करणं, सार्वमत घेणं, सगळं सरकारच्या हाती गेलं होतं. उरला तो मान आणि शब्द.

शब्द त्यांनी चांगला वापरला. सगळ्यात जास्त आठवला जातो तो नोव्हेंबर १९९९ मधला प्रसंग. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन अथेन्समध्ये आले होते. रस्त्यावर निदर्शनं, अश्रुधूर, फुटलेल्या काचा. राष्ट्रपतींच्या मेजवानीत अशा वेळी दोन देशांच्या मैत्रीबद्दल चार गोड वाक्यं बोलायची रीत. स्तेफानोपुलोस यांनी पाहुण्यासमोर, शांतपणे, ग्रीक माणसाच्या मनातल्या सायप्रसपासूनच्या तक्रारी मांडल्या. दुसऱ्या दिवशी क्लिंटन यांनी आपल्या भाषणात मान्य केलं की १९६७ च्या लष्करशाहीच्या वेळी अमेरिकेने शीतयुद्धातले आपले हितसंबंध लोकशाहीच्या कर्तव्यापेक्षा वर ठेवले. निदर्शकांना जे साधलं नाही ते एका उजव्या, वकिली थाटाच्या म्हाताऱ्याने साधलं, असं डावे लोकही म्हणू लागले. ८ फेब्रुवारी २००० ला त्यांची दुसऱ्यांदा निवड झाली तेव्हा पासोक आणि न्यू डेमॉक्रसी दोघांनीही मत दिलं. तीनशेपैकी २६९. मार्च २००५ मध्ये मुदत संपवून ते घरी गेले. २० नोव्हेंबर २०१६ ला, नव्वदाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

उपप्रश्नाचं उत्तर राहिलं. असे पक्ष पुन्हा निघाले, आणि बहुतेकांची गत तीच झाली. सामारास यांच्या वसंताला सप्टेंबर १९९६ च्या निवडणुकीत २.९४ टक्के मतं मिळाली आणि ३ टक्क्यांच्या अटीवर तो आपटला. (तीन वर्षांपूर्वी सिनास्पिस्मोसही बरोबर २.९४ वरच बाहेर राहिला होता. असले योगायोग निवडणुकीच्या अभ्यासकाला उगाच आनंद देतात.) तो पक्ष २००४ मध्ये विरघळला आणि सामारास न्यू डेमॉक्रसीत परतले. २००९ साली त्यांनी मित्सोताकिस यांची मुलगी दोरा बाकोयानी यांना हरवून पक्षाचं नेतृत्व मिळवलं. पुढच्या वर्षी, कर्जमदतीच्या करारावर पक्षाचा आदेश मोडून मत दिल्याबद्दल, त्यांनी बाकोयानींना काढलं. बाकोयानींनी डेमोक्रॅटिक अलायन्स काढला, मे २०१२ मध्ये २.५५ टक्के मतं मिळवली, आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा निवडणूक लागली तेव्हा मुकाट्याने घरी परतल्या. सामारास त्या निवडणुकीनंतर पंतप्रधान झाले.

स्तेफानोपुलोस, सामारास आणि बाकोयानी या तिघांत न परतलेले एकटे स्तेफानोपुलोस. म्हणून त्यांना पंतप्रधानपद कधी शक्य झालं नाही, असाही एक हिशेब मांडता येतो. न्यू डेमॉक्रसी आज किरियाकोस मित्सोताकिस चालवतात, कॉन्स्टंटिनोस यांचे चिरंजीव, दोरा यांचे धाकटे भाऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी सामारास यांची पक्षातून हकालपट्टी केली. म्हणजे वडिलांनी मंत्रिमंडळातून काढलेल्या माणसाला बत्तीस वर्षांनी मुलाने पक्षातून काढलं. सामारास पुन्हा नवा पक्ष काढणार का ही चर्चा तेव्हापासून अथेन्समध्ये अधूनमधून उठते. ३ टक्क्यांची अट अजून कायम आहे.